घरापासून चाळीस मिनिटांवरचा बर्फ, आणि त्या दिवशी मी गप्प का राहिले

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

इथे सह्याद्रीवर शेकड्यानं धागे आहेत, हिमालयातल्या ट्रेकचेही आहेत. पण घराजवळच्या बर्फात शनिवारी पहाटे निघून दुपारी जेवायला परत यायचं, अशा भटकंतीवर फारसं काही सापडलं नाही. म्हणून हा धागा. थोडं सांगायचंय आणि शेवटी एक विचारायचंय. गेले पंधरा दिवस मन तिथेच अडकलंय.

मी वाईची. पांडवगड, कमळगड पायाखालचे. अकरा वर्षं सॉल्ट लेक सिटीत राहते. पहिली बरीच वर्षं हिवाळा म्हणजे आमच्यासाठी घरात कोंडून घ्यायचा ऋतू होता. इथे जानेवारीत इन्व्हर्जन होतं. गार हवा खोऱ्याच्या तळाशी बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं आणि शहराचा सगळा धूर त्यात साठत जातो. आठवडा आठवडा सूर्य धड दिसत नाही. हवा फार बिघडली की शाळेत मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर सोडत नाहीत. अशाच एका दिवशी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, चल, वर जाऊ. बिग कॉटनवुड कॅन्यनमधे गाडी चढत गेली आणि एका वळणानंतर एकदम लख्ख ऊन. खाली शहर नाहीच, नुसता पांढरा समुद्र. पावसाळ्यात राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून खाली पसरलेले ढग ज्यांनी बघितलेत त्यांना कळेल मला काय झालं असेल. तो हिवाळा स्नोशूज घालून चालण्यात गेला. पुढच्या वर्षी स्की घेतले, जुन्या बाजारातले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रिसॉर्टमधे चेअरलिफ्ट वर नेते आणि आपण घसरत खाली येतो. बॅककंट्रीत लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही, गस्तही नाही. स्कीच्या तळाला स्किन्स चिकटवायच्या. पूर्वी त्या सीलच्या कातड्याच्या असत, आता मोहेर, म्हणजे बकरीच्या केसांच्या, किंवा नायलॉनच्या. केसांचा कल एकाच दिशेला असल्यामुळे स्की पुढे सरकतो, मागे येत नाही. चढताना टाच मोकळी, चवडा अडकवलेला. वर पोचलं की स्किन्स सोलून जॅकेटच्या आत ठेवायच्या, टाच लॉक करायची आणि उतरायचं. अडीच तास चढ, पंधरा मिनिटं उतार. म्हणजे मुळात हे चढणंच आहे. लोकांना उताराचं वेड असतं, मला चढाचंच जास्त आहे. अ‍ॅस्पेनच्या पांढऱ्या खोडांमधून कुणी तरी आधी पाडलेली वाट नागमोडी वर जाते, आपला श्वास सोडून कसलाच आवाज नसतो, कधी एखादा मूस, म्हणजे इथलं अवाढव्य हरीण, पलीकडे उभा असतो आणि आपण लांबून वळसा घालतो.

आता मूळ गोष्ट.

दोन आठवड्यांपूर्वी आम्ही दोघी त्याच कॅन्यनमधल्या मिल डी नॉर्थ फोर्कमधून वर गेलो. सकाळी यूटा अ‍ॅव्हलांच सेंटरचं बुलेटिन, म्हणजे हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज, वाचलं होतं. धोका 'मॉडरेट', पाचातली दुसरी पायरी. पण खाली लिहिलं होतं की ९,००० फुटांच्या वर, उत्तरेकडे आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर नोव्हेंबरमधला कमकुवत थर अजून गाडलेला आहे. आम्ही दोघींनी वाचलं. दोघी 'हं' म्हणालो.

साडेनऊच्या सुमाराला एका सपाट मोकळ्या जागेत मी पाऊल टाकलं आणि आजूबाजूचा सगळा बर्फ एकदम खाली बसला. अर्धा इंच असेल. आवाज दबका, पोटातून आल्यासारखा, धुम्म. दहा फुटांवरच्या फरच्या लहानग्या झाडाच्या फांदीवरचा बर्फ गळून पडला. मैत्रीण थांबली, वळून बघितलं. विचारलं, ठीक आहेस ना? मी म्हटलं, हो.

वर जो उतार उतरायचा होता तो फोनवर मोजला तर ३३ अंश. त्यावर सकाळीच उतरलेल्या तिघांच्या स्कींच्या खुणा होत्या. तिनं त्या मला दाखवल्या. आम्ही एकेक करून उतरलो. काही झालं नाही. हिवाळ्यातला सर्वांत सुंदर बर्फ होता तो, गुडघ्यापर्यंत, पिठासारखा. गाडीत आम्ही दोघी हसत होतो. रात्री मला झोप लागली नाही.

मी तीन दिवसांचा हिमस्खलनाचा कोर्स केलाय. त्यात पहिल्याच दिवशी शिकवतात की गटातल्या कुणाही एकाला नको वाटलं तर सगळे मागे फिरतात, कारण सांगावं लागत नाही. मला ते पाठ आहे. तरी मी बोलले नाही. ती पंधरा हिवाळे करतेय, माझा हा दुसरा. तिला वाटेल ही घाबरट आहे, पुन्हा बोलावणार नाही, हेच डोक्यात होतं.

तर विचारायचं हे: मागे फिरू या, हे तुम्ही कसं म्हणता? नेमके कुठले शब्द, कुठल्या क्षणी?

नवखा_०७

फार सुंदर लिहिलंय. एक शंका. तो धुम्म आवाज म्हणजे नेमकं काय? आणि तीन जण आधी उतरले होते म्हणजे तो उतार सुरक्षित होता ना?

खिंड

नवखा, नाही. सगळी मेख तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कोलोरॅडोत बोल्डरला असतो. आमच्याकडे हा त्रास यूटापेक्षा जास्त, कारण बर्फ कमी आणि थंडी कोरडी.

नोव्हेंबरमधे फूटभर बर्फ पडतो आणि मग काही आठवडे आकाश निरभ्र. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास असतं, वरचा पृष्ठभाग रात्री उणे पंधरा-वीसपर्यंत जातो. एवढ्याशा जाडीत एवढा फरक असला की खालून वर वाफ सरकत राहते आणि कणांचा आकार बदलतो. ते टोकदार, कोरडे होतात, एकमेकांना धरत नाहीत. मुठीत दाबा, गोळा होत नाही, साखरेसारखे बोटांतून ओघळतात. इंग्रजीत त्यांना फॅसेट्स म्हणतात. मग डिसेंबर-जानेवारीत वादळं येतात आणि या साखरेवर घट्ट बर्फाची जाड लादी बसते. लादी पक्की, पण पाया साखरेचा.

माणसाच्या वजनानं तो साखरेचा थर कुठे तरी मोडतो. त्याचा आवाज म्हणजे ते धुम्म. सपाट जागा असेल तर बर्फ जागच्या जागी बसतो. तीस अंशांच्या वर असाल तर लादीला घसरायला वाट मिळते. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. स्कीइंगला मजा येते तोही उतार नेमका हाच. शिवाय मोड थरातून लांबवर धावू शकते, म्हणजे तुम्ही पायथ्याशी सपाटीवर उभे आणि वरचा उतार तुमच्यावर येतो.

तीन खुणांचं. लादी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. जिथे पातळ असेल, खडकाजवळ, झुडपापाशी, तिथे पाय पडला तर खालचा थर मोडतो. पहिले तिघे त्या जागेवरून गेले नाहीत, इतकंच त्या खुणा सांगतात. चौथा जाऊ शकतो.

घाटमाथा, तुम्ही सपाटीवर ऐकलंत ते डोंगराचं स्पष्ट 'नाही' होतं. हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणूनच झोप लागली नाही.

स्पष्टवक्ता

रागावू नका, पण घरी मुलं असताना हा धोका पत्करायचाच कशाला? रिसॉर्टमधे जा, लिफ्टचे पैसे भरा, सुखरूप घरी या. जी गोष्ट करताना, गाडले गेलो तर सापडावं म्हणून, गळ्यात यंत्र अडकवावं लागतं ती करू नये, असं माझं साधं मत.

घाटमाथा

रागावण्यासारखं काही नाही. हा प्रश्न माझ्या नवऱ्यानं विचारलाय आणि आईनं तर दर रविवारी.

आमच्या घरापासून जवळच मिल क्रीक कॅन्यन आहे. ६ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या विल्सन ग्लेड नावाच्या उतारावर दोन वेगवेगळ्या गटांतले आठ जण एकाच हिमस्खलनात सापडले. सहा जण पूर्ण गाडले गेले, चार गेले. त्या दिवशी धोका 'हाय' होता. हे लोक नवखे नव्हते, यंत्रं, फावडी सगळं जवळ होतं. वाचलेल्यांनी दोघांना जिवंत उकरून काढलं. त्या वेळी मी बॅककंट्रीत जातही नव्हते, तरी आठवडाभर ऑफिसात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

तेव्हा धोका नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण यातला बराचसा धोका आपण निवडतो. प्राणघातक घटनांत सापडलेला माणूस किंवा त्याचाच कुणी साथीदार बर्फ मोडायला कारण झालेला असतो, दहात नऊ वेळा. म्हणजे डोंगर आपल्यावर क्वचितच येतो, बहुतेकदा आपणच त्याला हलवतो. तीस अंशांच्या आतल्या उतारांवर, वर मोठा उतार टांगलेला नाही ना हे बघून, पूर्ण हिवाळा आनंदात काढता येतो. मला तसाच काढायचा होता. त्या दिवशी मी माझ्याच ठरावाच्या बाहेर गेले, आणि तेही नुसती न बोलून. म्हणून हा धागा.

उत्तररेखा

ओस्लोहून. तुमच्या प्रश्नावर इथे नियमच आहे.

नॉर्वेत 'फ्येलव्हेटरेग्लर' म्हणजे डोंगरातल्या शहाणपणाचे नऊ नियम आहेत. १९६७ च्या ईस्टरमधे डोंगरात अठरा जण गेले, त्यानंतर ते घराघरात पोचले. इथल्या एका लोकप्रिय चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला ते छापलेले असतात, त्यामुळे पोरं वाचायला शिकतात तेव्हाच वाचतात. आठवा नियम: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. हे वाक्य इथे इतकं रुळलंय की माझी आठ वर्षांची मुलगी गृहपाठ सोडून उठताना म्हणते.

घराजवळच्या बर्फाबद्दल लिहायचंय तर आमचं सुख सांगतो. मेट्रोच्या एक नंबरच्या गाडीत लोक स्की घेऊन बसतात, शेवटचं स्टेशन फ्रोग्नरसेतेरन, तिथे उतरलं की समोर नूर्डमार्काचं जंगल. डिसेंबरात तीनच्या थोडं नंतर सूर्य मावळतो, पण कित्येक वाटांवर दिवे आहेत. ऑफिस सुटल्यावर लोक तासभर स्की करून घरी जातात. हे मात्र जंगलातलं, बऱ्यापैकी सपाटीचं. हिमस्खलनाचा प्रश्न उंच डोंगरात येतो.

गेल्या ईस्टरला हार्दांगरविद्दाच्या पठारावर होतो, मी आणि तीन नॉर्वेजियन सहकारी. ईस्टरआधी तिथल्या वाटांवर बर्चच्या फांद्या रोवून खुणा करतात. झोपडीतून निघून तीन किलोमीटर झाले आणि पुढची फांदी दिसेना. आकाश आणि जमीन एकच पांढरी. आमच्यातला सर्वांत अनुभवी, साठीचा माणूस, थांबला, थर्मास काढला, कॉफी ओतली आणि म्हणाला, मी परततोय. 'आपण परतू या का' असं नाही विचारलं. मी परततोय. वाद संपला. ते वाक्य मी तेव्हापासून वापरतो. प्रश्न विचारला की समोरचा उत्तर देतो. आपला निर्णय सांगितला की त्याला फक्त ऐकायचं असतं.

पाऊलवाट

घाटमाथा, मी पुण्यात पंधरा-सोळा वर्षं ट्रेक नेतोय. अनुभवी माणसापुढे गप्प राहायची ही सवय आम्हीच लावली आहे. लीडर म्हणाला की उठायचं, लीडर म्हणाला की चालायचं. नव्या पोरांना तेच सांगतो, आणि अंधारात रॉकपॅचवर तीस जणांना उतरवताना ते लागतंच. पण त्याची दुसरी बाजू मला एका पावसाळ्यात कळली.

ओढा ओलांडायचा होता. मला ठीक वाटला. मागच्या एका मुलीला पाणी गढूळ होत चाललेलं दिसलं होतं, म्हणजे वर पाऊस वाढला होता. ती बोलली नाही. अर्धी माणसं पलीकडे गेल्यावर पाणी चढलं आणि दोन्ही काठांवर आम्ही चार तास अडकलो. सगळे सुखरूप, पण संध्याकाळी ती म्हणाली, 'दादा, मला दिसलं होतं, पण तुम्ही होतात ना.' हे 'तुम्ही होतात ना' मला फार लागलं.

तेव्हापासून अवघड जागी मी माझं मत आधी सांगत नाही. सर्वांत नवखा जो असेल त्याला पहिलं विचारतो: तुला काय दिसतंय? 'जायचं का' नाही, 'काय दिसतंय'. मग पुढचा, मग पुढचा, मी शेवटी. एकदा लीडर बोलला की बाकीच्यांना नवीन काही दिसत नाही.

आता माझी शंका. आम्ही डिसेंबरात उत्तराखंडात केदारकांठाला ग्रुप नेतो, मुलं-मुली पहिल्यांदाच बर्फ बघतात. तिथेही हेच लागू?

खिंड

पाऊलवाट, पद्धत अगदी योग्य. इयन मॅकॅमन नावाच्या संशोधकानं अमेरिकेतल्या सातशेहून जास्त हिमस्खलन-अपघातांची छाननी केली. लोक कुठल्या मानसिक सापळ्यात सापडतात ते त्यानं मांडलं: जागा ओळखीची असणं, बरोबरच्यांना बरं वाटावं ही इच्छा, ठरवलं ते पूर्ण करायचंच हा हट्ट, अनुभवी माणसाचं वलय, ताज्या बर्फावर आपण पहिले असावं ही ओढ, आणि दुसरे करताहेत मग चालतंय हा समज. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की पुन्हा फॅसेट्सच होतात, त्या साखरेच्या कणांचंच नाव. घाटमाथांच्या गोष्टीत वलय आहे, खुणा आहेत, सुंदर बर्फ आहे.

केदारकांठाबद्दल: ती वाट मी केलेली नाही, त्यामुळे त्या विशिष्ट वाटेवर बोलणार नाही. पण कुठल्याही बर्फात चार गोष्टी बघायच्या: तीस अंशांच्या वरचा उतार पायाखाली किंवा डोक्यावर आहे का, गेल्या दोन दिवसांत भरपूर बर्फ पडला का, वाऱ्यानं तो एका बाजूला साचवलाय का, आणि एकदम ऊन तापलंय का. भारतात हिमस्खलनाचे इशारे चंदीगडची डीआरडीओची संस्था, डीजीआरई, देते. निघण्याआधी ते बघायची सवय तुमच्या मुलांना लावा.

देवदार

गुलमर्गबद्दल एक भर घालतो, कारण इथले बरेच जण हल्ली तिकडे स्की शिकायला जातात. शिकायला उत्तम, सरकारी संस्थेचे कोर्स आहेत, खालचे उतार सौम्य आहेत. पण गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळपास चार हजार मीटरला सोडतो, आणि तिथून दाराबाहेर पडलं की बॅककंट्रीच आहे. पाळण्यातून आलो म्हणून रिसॉर्ट वाटतं. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. गस्त आहे, पण ती ठरावीक पट्ट्यापुरती. बीकन, म्हणजे गाडलेला माणूस शोधायचं ते गळ्यातलं यंत्र, भाड्यानं घेऊन अडकवणं पुरत नाही, तो वापरून दहा मिनिटांत माणूस शोधायचा सराव हवा. गाडलेल्या माणसाकडे तेवढाच वेळ असतो, त्यानंतर जगण्याची शक्यता फार वेगानं उतरते. आणि वेळ बीकनपेक्षा फावड्यानं उकरण्यात जातो, हे सराव केल्याशिवाय कळत नाही.

सदाफुली

घाटमाथा, बाळा, मी कॅलगरीची, वय बासष्ट. स्की नाही, स्नोशूज. गुरुवारी आम्ही सात बायका कॅनानास्किसला जातो, उणे वीसपर्यंत जातो, त्याखाली नाही. मोठ्या गोष्टी बाकीच्यांनी सांगितल्या, मी खाण्यापिण्याचं सांगते. मागे फिरायची बुद्धी पोटातूनही येते. उपाशी आणि गारठलेल्या माणसाला विचार सुचत नाही, तो दुसऱ्याच्या मागे चालत राहतो.

निघताना अंगात थोडी थंडी वाजलीच पाहिजे. उबदार होऊन निघालीस तर दहा मिनिटांत घाम, आणि थांबल्यावर तोच घाम गोठवतो. अंगाला लागून सुती काही नको, लोकर किंवा सिंथेटिक. हातमोजांची दुसरी जोडी कोरडी, छातीशी ठेवायची.

चिक्की नेऊ नकोस, उणे पंधराला दगड होते, माझ्या मैत्रिणीचा दात गेला. बेसनाचा लाडूही कडक होतो. गूळपोळी मात्र आतल्या खिशात ठेवली की शेवटपर्यंत मऊ राहते, तूप जरा सढळ लाव. रुंद तोंडाच्या थर्मासमधे मुगाची खिचडी पातळ करून न्यायची. पाण्याची बाटली उलटी ठेव, बर्फ आधी वर धरतो म्हणजे बुडाशी धरेल आणि झाकण मोकळं राहील.

आणि एक. मैत्रिणीशी बोललीस का? इथे लिहिलंस, तिला सांगितलंस का?

घाटमाथा

काकू, नव्हतं सांगितलं. तुमचा प्रतिसाद वाचून दुसऱ्या दिवशी सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत तिला म्हटलं, त्या दिवशी त्या आवाजानंतर मला परत फिरायचं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मी तुला विचारलं ना, ठीक आहेस का म्हणून. तू नाही म्हणशील म्हणून विचारलं होतं. तू हो म्हणालीस, मग मला वाटलं मीच उगाच घाबरतेय.

म्हणजे आम्ही दोघीही एकमेकींच्या 'नाही'ची वाट बघत होतो.

या शनिवारी विलो हाइट्सला गेलो. तिथे बहुतेक उतार सौम्य आहेत. गाडीपाशी बीकन तपासून झाल्यावर तिनं मला विचारलं, तुला आज काय दिसतंय? पाऊलवाट, तुमची पद्धत मी तिला सांगितली होती. मी आधी बोलले, ती नंतर. रात्री वारा होता, बर्फ एका अंगाला साचलाय, तळ्याच्या पुढे कडेच्या उताराखालून जायचं नाही, असं तिथेच ठरवलं.

तळ्यापाशी पावणेदहाला पोचलो. ऊन आलं होतं. पुढचा उतार कोरा होता, एकही खूण नाही, आणि तिची नजर त्याच्याकडे गेलेली मी बघितली. माझीही गेली होती. मी स्की काढले, स्किन्स सोलायला घेतल्या आणि म्हटलं, मी इथून परततेय. ती हसली आणि तिच्याही स्किन्स सोलायला लागली. आलो त्याच अ‍ॅस्पेनमधून सावकाश उतरलो, तीनदा थांबलो, साडेअकराला मी घरी होते.

काकू, संक्रांतीच्या गूळपोळ्या उरल्या होत्या. आतल्या खिशात मऊ राहिल्या. तिनं दोन खाल्ल्या.